मेहबूब खान : शाळेविना शिकलेला, चित्रातून बोलणारा दिग्दर्शक

मुंबईत वांद्र्याच्या हिल रोडवर मेहबूब स्टुडिओ आहे. रोज हजारो माणसं त्याच्यासमोरून ये-जा करतात. त्यातल्या बहुतेकांना ‘मदर इंडिया’ हे नाव ठाऊक असतं, खांद्यावर नांगर घेतलेली नर्गिसही डोळ्यांसमोर असते. पण तो नांगर तिच्या खांद्यावर कोणी दिला, आणि कॅमेरा खाली जमिनीलगत ठेवून आपल्याला तिच्याकडे मान वर करून बघायला कोणी लावलं, असं विचारलं तर उत्तर पटकन येत नाही.

तो माणूस म्हणजे मरहूम मेहबूब खान. शाळेचं रीतसर शिक्षण जवळजवळ नाहीच. तरीही या माणसाने हिंदुस्थानी सिनेमाला चित्रातून बोलायला शिकवलं. आम्ही पेशाने शिक्षक. अक्षर ओळखता आलं की माणूस साक्षर झाला, असं आपल्याकडे धरून चालतात. मेहबूब खान यांचं आयुष्य बघितलं की लक्षात येतं, की चित्रालाही स्वतःची अक्षरं असतात, व्याकरण असतं, आणि ते न शिकलेला माणूस पदवीधर असला तरी एका अर्थाने निरक्षरच राहतो. आजच्या दिवसांत, आपल्या समाजाचं चित्र रोज कुठल्या ना कुठल्या पडद्यावर रंगवलं जात असताना, ही गोष्ट फार कामाची आहे.

बिलिमोऱ्यापासून मुंबईपर्यंत

मेहबूब खान यांचा जन्म 1907 सालचा, गुजरातमधल्या बिलिमोरा भागातला. तेव्हा हा मुलूख बडोदा संस्थानात होता. घर गरिबीचं. पोरवयातच त्यांना सिनेमाचं वेड लागलं आणि ते मुंबईला आले. तो मूकपटांचा जमाना होता. इंपीरियल फिल्म कंपनीत त्यांना लहानसहान कामं मिळू लागली. 1927 च्या ‘अलिबाबा और चालीस चोर’ या मूकपटात ते चाळीस चोरांपैकी एक होते, रांजणात लपलेले. प्रेक्षकांना धड चेहराही दिसू नये, असं हे पडद्यावरचं पहिलं काम! पुढे 1940 मध्ये याच मेहबूबने ‘अलिबाबा’ हाच विषय घेऊन स्वतः सिनेमा दिग्दर्शित केला. अल्लाहने मेहनतीचं फळ असं दिलं.

मूकपट ही त्यांची खरी शाळा, असं आम्हाला वाटतं. मूकपटात संवाद ऐकू येत नसत. मध्येमध्ये लिखित पाट्या येत, पण थिएटरात बसलेल्या बऱ्याच लोकांना त्या वाचता येत नसत. कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवायचा आणि बाकीचे ऐकायचे. म्हणजे खरी गोष्ट सांगायची ती चेहऱ्यातून, हातातून, सावलीतून आणि वस्तूतून. ज्याला वाचता येत नाही त्याच्यापर्यंत बात कशी पोचवायची, हा प्रश्न मेहबूब यांच्यासाठी पुस्तकी नव्हताच.

बोलपट आले आणि मेहबूब सागर मूव्हीटोनमध्ये स्थिरावले. आधी नट म्हणून, मग 1935 मध्ये ‘अल हिलाल’ या सिनेमाचे दिग्दर्शक म्हणून. याच सिनेमापासून फरेदून इराणी हे कॅमेरामन त्यांच्यासोबत जोडले गेले आणि ही जोडी शेवटच्या सिनेमापर्यंत टिकली. मेहबूब यांच्या मनात चित्र उमटायचं आणि फरेदून इराणी ते पडद्यावर उतरवायचे. त्यांच्या सिनेमातल्या चौकटींची तारीफ करताना इराणी यांचं नाव विसरलं तर ती बेइन्साफी ठरेल.

‘औरत’ आणि ‘रोटी’

1940 सालचा ‘औरत’ हा मेहबूब यांच्या कारकिर्दीतला मोठा टप्पा. सावकाराच्या कर्जात अडकलेलं एक शेतकरी कुटुंब, घर सोडून गेलेला नवरा, एकटीने पोरं वाढवणारी बाई आणि वाट चुकलेला धाकटा मुलगा. राधाची भूमिका सरदार अख्तर यांनी केली. पुढे त्या मेहबूब यांच्या पत्नी झाल्या. सावकार सुखीलाला झाले होते कन्हैयालाल. सतरा वर्षांनी ‘मदर इंडिया’मध्ये मेहबूब यांनी हीच गोष्ट पुन्हा सांगितली, तेव्हा जवळजवळ सगळे नट बदलले, पण सुखीलाला मात्र कन्हैयालालच राहिले. राजवट बदलते, देश आझाद होतो, सावकार तोच राहतो. हे मुद्दाम केलं असो की नसो, बघणाऱ्याला त्यातून हा अर्थ लागतो.

1942 च्या ‘रोटी’मध्ये त्यांनी एकच चित्र असं उभं केलं, की तीन तासांचं भाषण त्यापुढे फिकं पडावं. एकीकडे पैसा माहीत नसलेले, वस्तूच्या बदल्यात वस्तू देणारे आदिवासी. दुसरीकडे पैशासाठी माणुसकी विकलेला शहरातला शेठ. ही भूमिका चंद्रमोहन यांची. शेवटी हा शेठ सोनं घेऊन पळतो आणि वाळवंटात अडकतो. गाडीत सोनंच सोनं, आणि प्यायला घोटभर पाणी नाही. सोन्याच्या ढिगात तहानेने तडफडणारा माणूस! इथे कोणी उपदेश करत नाही. सोनं आणि कोरडे ओठ एकाच चौकटीत ठेवले की हिशेब प्रेक्षक स्वतःच करतो.

दृश्य प्रतीक म्हणजे दुसरं काय असतं? एखादी साधी वस्तू अशा जागी, अशा वेळी ठेवायची की ती स्वतःपेक्षा मोठी गोष्ट सांगू लागते. सोनं तिजोरीत असतं तेव्हा दौलत. वाळवंटात तेच सोनं दगड.

कोयता-हातोडा आणि उर्दू शेर

1943 च्या सुमारास मेहबूब यांनी स्वतःची कंपनी काढली, मेहबूब प्रॉडक्शन्स. तिचं बोधचिन्ह आजही जुन्या प्रिंटवर दिसतं. कोयता-हातोडा, म्हणजे मजूर आणि शेतकरी यांची निशाणी, आणि त्यासोबत ऐकू येणारा एक उर्दू शेर, ज्यात शेवटी खुदाची मर्जीच चालते असा भाव आहे. वरवर बघता हे दोन्ही एकत्र कसे, असं कोणालाही वाटेल. कम्युनिस्टांची निशाणी आणि तोंडी खुदाचं नाव! पण मेहबूब कुठल्या पक्षाचे सभासद नव्हते, आणि नमाजाचे पाबंद म्हणून सिनेमावाल्यांमध्ये ओळखले जात. मेहनत करणाऱ्याची इज्जत आणि अल्लाहवरचा भरोसा या दोन गोष्टींत त्यांना झगडा दिसला नाही. आपल्या घरातल्या कष्टकरी बुजुर्गांकडे बघितलं तर त्यांनाही तो कधी दिसला नसावा.

याच काळात त्यांनी मुस्लिम घरातल्या गोष्टीही पडद्यावर आणल्या. ‘नजमा’ (1943) आणि ‘एलान’ (1947) हे त्यांचे मुस्लिम सामाजिक चित्रपट. ‘एलान’मध्ये मुसलमानांच्या तालीमचा प्रश्न मध्यभागी होता. ‘हुमायून’ (1945) मध्ये मुघल घराणं आणि राजपूत राजकन्या यांच्यातलं मानलेलं नातं होतं. देशाचं वातावरण तापत चाललेलं असताना हा विषय निवडणं, हीच मेहबूब यांची भूमिका होती.

‘अनमोल घडी’ (1946) मध्ये बालपणीच्या दोस्तीची आठवण म्हणून दिलेलं एक घड्याळ सिनेमाभर फिरत राहतं. दोन माणसं दूर गेली, वेळ निघून गेली, पण घड्याळ हातात आहे. एक वस्तू पूर्ण कथेचं वजन पेलू शकते, हा धडा मेहबूब यांनी इथे पक्का केला आणि पुढे फार मोठ्या कामासाठी वापरला.

फाळणी झाली. ‘अनमोल घडी’ची नायिका नूरजहाँ पाकिस्तानात गेली, आणखीही बरेच कलाकार गेले. मेहबूब मुंबईत राहिले. 1949 मध्ये ‘अंदाज’ आला. दिलीपकुमार आणि राज कपूर एकत्र आलेला हा एकमेव सिनेमा. इथे गाव नाही, शेत नाही. बंगला, पियानो, जिने आणि आरसे आहेत. नर्गिसच्या नीनाच्या मनातली घालमेल दाखवायला मेहबूब आरशांचा आधार घेतात. माणूस एक आणि त्याची रूपं दोन. 1952 चा ‘आन’ रंगीत होता. 16 मि.मी. फिल्मवर चित्रण करून त्याच्या टेक्निकलर प्रती काढल्या गेल्या. तो लंडनमध्येही दाखवला गेला. 1954 मध्ये वांद्र्याचा स्टुडिओ उभा राहिला. आता मेहबूब यांच्याकडे अनुभव होता, साथीदार होते आणि जागाही होती. ‘औरत’ पुन्हा, आणि मोठ्या प्रमाणावर, करण्याची वेळ आली होती.

‘मदर इंडिया’ : एक शिवी पुसून टाकण्यासाठी

1927 मध्ये कॅथरीन मेयो या अमेरिकन बाईने ‘मदर इंडिया’ नावाचं पुस्तक लिहिलं होतं. हिंदुस्थानी समाज, विशेषतः इथल्या बाईची हालत, अशा तऱ्हेने रंगवली होती की देशभर संताप उसळला. मेहबूब यांनी आपल्या सिनेमाला मुद्दाम तेच नाव दिलं. 1955 मध्ये सरकारी खात्यांना शंका आली, की हा त्या पुस्तकावरचा सिनेमा तर नाही? मेहबूब यांनी कळवलं, की सिनेमा पुस्तकाच्या अगदी उलट आहे. त्या नावाला लागलेला डाग धुऊन काढण्यासाठीच ते नाव घेतलं आहे.

25 ऑक्टोबर 1957 ला सिनेमा झळकला. तो आता वाचून बघू. होय, बघून नाही, वाचून.

पहिलीच चौकट घ्या. सुरकुतलेला चेहरा आणि त्याच्याजवळ हातात धरलेलं मातीचं ढेकूळ. म्हातारी राधा. चौकटीत चेहरा आणि माती, एवढंच. माती कुठली आणि कातडी कुठली, कळू नये इतकं ते जवळून दिसतं. मग पडदा मोठा होत जातो आणि ट्रॅक्टर, विजेचे खांब, धरण असा आझाद भारताचा नवा देखावा दिसू लागतो. आधी माती, मग मशीन. हा क्रम उलटा असता तर अर्थही उलटा झाला असता. मेहबूब सांगतायत, की ही सगळी तरक्की ज्या हातावर उभी आहे तो हात आधी बघा.

गावाला आलेल्या कालव्याचं उद्घाटन राधाच्या हातून करायचं ठरतं. तिच्या गळ्यात हार घालतात. ती हाराचा वास घेते आणि आपण तिच्या लग्नाच्या दिवसात पोचतो. कोणी सांगत नाही, की चला आता मागची गोष्ट. एक फुलांचा हार सगळी वर्षं ओलांडून जातो. सत्काराचा हार आणि लग्नाचा हार एकमेकांत मिसळतात, आणि या बाईला आज मिळणाऱ्या इज्जतीची किंमत तिने लग्नाच्या दिवसापासून चुकवली आहे, हे आपल्याला पुढे उमगत जातं.

कारण त्या लग्नासाठी सासूने सुखीलालाकडून पाचशे रुपये कर्ज काढलेलं असतं. सासूला वाचता येत नाही. कागदावर अंगठा. सावकाराच्या चोपडीत काय लिहिलंय ते तिला ठाऊक नाही, आणि पंचांचा निवाडा चोपडीच्या बाजूने जातो. पिकाचे चारातले तीन भाग नुसत्या व्याजात. एका अंगठ्याने दोन पिढ्या बरबाद होतात. शाळेत शिकवणाऱ्या माणसाला हा प्रसंग झोप लागू देत नाही.

कॅमेरा कुठे ठेवला?

चौकट वाचताना तीन साधे प्रश्न विचारायचे. कॅमेरा किती उंचीवर आहे? चौकटीत माणसासोबत दुसरं काय ठेवलंय? आणि काय बाहेर ठेवलंय?

नांगर ओढणारी राधा बघा. बैल नाही म्हणून बाईच नांगराला जुंपलेली. हे चित्र वरून घेतलं असतं तर ती चिखलात दबलेली, केविलवाणी दिसली असती आणि आपल्याला कीव आली असती. मेहबूब आणि फरेदून इराणी कॅमेरा खाली नेतात. राधा मोठी दिसते आणि पाठीमागे आभाळ येतं. काम तेच, हाल तेच, पण आता कीव येत नाही, मान झुकते. गरिबाला कीव वाटेल असं दाखवायचं की इज्जत वाटेल असं, हे इथे कॅमेऱ्याची उंची ठरवते.

पुराचा प्रसंग घ्या. पाणी गळ्यापर्यंत आलेलं, आणि राधा मुलं बसलेली फळी आपल्या खांद्यावर तोलून धरते. आधी त्याच खांद्यावर नांगर होता. आता लेकरं आहेत. दोन्ही ओझी एकाच खांद्यावर आलेली आपण बघतो आणि तोंडातून शब्द निघत नाही.

राधाचा नवरा शामू. दगडाखाली त्याचे दोन्ही हात जातात. शेतकऱ्याचे हात म्हणजे त्याची सगळी मिळकत. या सिनेमात हात पुन्हा पुन्हा येतात. माती उपसणारे, अंगठा देणारे, बंदूक उचलणारे. जगण्याची उमेद हरलेला शामू रात्री झोपलेल्या राधाच्या कपाळावरचं कुंकू पुसून निघून जातो. या एका कृतीत तो स्वतःला मेलेला जाहीर करतो. शामू कुठे गेला, याचं उत्तर सिनेमा कधीच देत नाही. चौकटीबाहेर गेलेला माणूस चौकटीत कायम जाणवत राहतो.

पूर ओसरल्यावर गावकरी गाव सोडून निघतात. बैलगाड्यांचा काफिला, डोक्यावर सामान, कडेवर लेकरं. राधा त्यांना थांबण्याची विनवणी करते आणि लोक माघारी फिरतात. मग पीक येतं, आनंद होतो, आणि उंचावरून घेतलेल्या एका दृश्यात खळ्यावरच्या माणसांचा मिळून नकाशा बनतो. तो नकाशा अखंड हिंदुस्थानचा, फाळणीआधीचा आहे. 1957 साली, फाळणीला दहा वर्षं झालेली असताना! ज्यांनी 1947 चे काफिले बघितले त्यांना या बैलगाड्या काय वाटल्या असतील? राधाची हाक फक्त त्या गावाला होती की आणखी कोणाला? मेहबूब याबद्दल एक शब्द बोलत नाहीत. नकाशा थोडा वेळ दिसतो आणि विरतो. आम्हाला तरी हे एका हिंदुस्थानी मुसलमानाचं, न बोलता केलेलं मनोगत वाटतं.

रक्ताने माखलेले कंगन

आता कंगन. राधाचे लग्नातले सोन्याचे कंगन सावकाराकडे गहाण पडतात. धाकटा मुलगा बिरजू लहानपणापासून त्या कंगनांचा ध्यास घेतो. दुसऱ्यासाठी ते दागिना असतील, बिरजूसाठी ते आईची लुटलेली इज्जत आहेत. मोठा होऊन तो डाकू बनतो, सुखीलालाला ठार मारतो, त्याच्या खातेवह्या जाळतो. ज्या अक्षरांनी घर लुटलं ती अक्षरंच आगीत. पण मग तो सावकाराची मुलगी रूपा हिला घोड्यावर घालून पळवू लागतो. गावच्या लेकीची इज्जत ती आपली इज्जत, असं मानणारी राधा बंदूक उचलते आणि पोटच्या पोरावर गोळी झाडते.

बिरजू आईपाशी येऊन कोसळतो. त्याच्या हातातून रक्ताने माखलेले कंगन खाली पडतात. कंगन परत मिळाले, पण काय देऊन! इन्साफ मागणारा मुलगा बरोबर होता, जुलूम करणारा मुलगा चुकला होता, आणि दोघं एकच होते. हा गुंता शब्दांत मांडायला वकिलाला दिवस लागतील. मेहबूब यांना दोन कंगन पुरले.

मग आपण परत आजमध्ये येतो. कालव्याचा दरवाजा उघडतो आणि पाणी लाल दिसतं. रक्ताचं पाणी. हळूहळू ते निवळतं आणि शेतात शिरतं. देश उभा राहतोय, पण त्याच्या पाण्यात कोणाचं तरी रक्त मिसळलेलं आहे, हे विसरू नका. आझादीचा जल्लोष चालू असताना एवढी गंभीर बात सांगायला हिंमत लागते. प्रेक्षकांना ती कळली. सिनेमा तुफान चालला.

हा सिनेमा बनवला कोणी?

आईच्या भूमिकेतली नर्गिस म्हणजे घरातलं नाव फातिमा रशीद. संगीत नौशाद यांचं, गीतं शकील बदायुनी यांची. संवाद वजाहत मिर्झा आणि एस. अली रझा यांचे. संकलन शमसुद्दीन कादरी यांचं. कॅमेरा इराणी कुटुंबातल्या फरेदून यांचा. कला दिग्दर्शन व्ही. एच. पळणीटकर यांचं. पडद्यावर सुनील दत्त, राजेंद्रकुमार, राजकुमार, कन्हैयालाल. उमरा गावात चित्रीकरणावेळी गंजींची आग भडकली, नर्गिस आत अडकल्या आणि सुनील दत्त यांनी त्यांना बाहेर काढलं. 1958 मध्ये दोघांचा निकाह नाही, विवाह झाला, आणि तेही त्या काळाने पचवलं.

देशाला आई म्हणून जगासमोर मांडणारं सगळ्यात गाजलेलं चित्र हे एका नमाजी मुसलमानाने, अशा मिळूनमिसळून बनलेल्या जमातीला सोबत घेऊन घडवलं. वतनपरस्तीचा दाखला मागणाऱ्यांना वेगळं उत्तर देण्याची गरज नाही.

1958 च्या ऑस्करमध्ये परदेशी भाषेच्या विभागात ‘मदर इंडिया’ शेवटच्या पाचांत पोचला. तिथे पोचलेला हा पहिला भारतीय सिनेमा. पुरस्कार फेलिनी यांच्या ‘नाइट्स ऑफ कॅबिरिया’ला गेला. आपल्याकडे फिल्मफेअरचे सर्वोत्तम चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेत्री आणि छायाचित्रण हे पुरस्कार त्याला मिळाले.

तारीफच तारीफ करून चालणार नाही. मेहबूब यांच्या सिनेमात बाईला इतकं उंच बसवलं जातं, की साधं माणूस म्हणून जगायला तिला जागाच उरत नाही. ‘अंदाज’मध्ये आधुनिक वागणाऱ्या नीनाला मोठी शिक्षा भोगावी लागते. ‘मदर इंडिया’च्या गावात एकही ठळक मुसलमान पात्र नाही. गाव बनवणारा मुसलमान, आणि गावात मुसलमान नाही. काय बाहेर ठेवलंय, हा आपला तिसरा प्रश्न मेहबूब यांनाही विचारायला हवा. आपला माणूस आहे म्हणून सूट नको.

अखेरचे दिवस

1961 मध्ये मॉस्कोच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात मेहबूब परीक्षक होते. 1962 चा ‘सन ऑफ इंडिया’ चालला नाही. 1963 मध्ये पद्मश्री मिळाली. 27 मे 1964 ला पंडित नेहरूंचं निधन झालं आणि दुसऱ्याच दिवशी, 28 मे रोजी, मेहबूब खान यांचा इंतकाल झाला. ज्या नव्या भारताची धरणं आणि कालवे त्यांनी पडद्यावर आणले, त्याचा शिल्पकार गेला आणि चित्रकारही गेला. मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात त्यांची दफनविधी झाली. 2007 मध्ये त्यांच्या नावाने टपाल तिकीट निघालं.

आपण यातून काय घ्यायचं?

सिनेमा जायज की नाजायज, यावर उलेमांची मतं आपल्याला ठाऊक आहेत. त्या बहसेत आम्ही पडत नाही. पण आपल्या घरातलं बारा वर्षांचं पोर रोज मोबाइलवर शेकडो चित्रं बघतंय, ही हकीकत आहे. त्यातल्या काहींत आपणच असतो. अंधारी गल्ली, हिरवा उजेड, सुरमा घातलेले डोळे, आणि गुन्हा घडताना मागून येणारी अजानची आवाज. पात्र काही बोलत नाही. चौकट बोलून जाते. बघणाऱ्याला वाटतं आपण फक्त गोष्ट बघितली, आणि मनात मात्र शेजाऱ्याबद्दल भीती बसलेली असते.

अशा वेळी आपण काय करतो? चिडतो, बंदीची मागणी करतो, किंवा बघणंच सोडतो. चीड रास्त आहे. पण कॅमेरा कुठे ठेवला होता, कोणता रंग वापरला, काय दाखवलं आणि काय लपवलं, हे आपल्याला नेमकं सांगता येत नसेल तर आपली तक्रार कोण ऐकणार? राधाच्या सासूला अन्याय झाल्याचं कळत होतं. फक्त चोपडी वाचता येत नव्हती. आज चोपडी बदलली आहे. ती आता पडद्यावर लिहिली जाते, आणि न वाचता तिच्यावर अंगठा उठवणारे आपणच आहोत.

म्हणून आमची एक विनंती आहे. या सुट्टीत मुलांसोबत ‘मदर इंडिया’ बघा. मध्ये थांबवा आणि विचारा, की कॅमेरा वर आहे की खाली? हातात काय आहे? कोण दिसत नाही? मग हेच प्रश्न त्यांना बातम्यांच्या व्हिडिओला आणि रोजच्या रीलला विचारू द्या. आणि ज्या मुलाला चित्र काढण्याची, कॅमेरा हाताळण्याची हौस आहे, त्याला डॉक्टर-इंजिनीअर होण्यासाठीच ढकलू नका. आपली गोष्ट कोणी चुकीची सांगतंय, तर ती बरोबर सांगणारी माणसं आपल्यातूनच यायला हवीत. बिलिमोऱ्याहून रिकाम्या हाताने आलेला एक पोरगा रांजणातून बाहेर येऊन अख्ख्या देशाचं चित्र काढू शकला. आपल्या मुलांकडे तर आज शाळाही आहे.

अल्लाह मरहूम मेहबूब खान यांची मगफिरत करो.